एकाच माणसाची दोन चित्रं: बोल्दिनी, व्हेर्दी आणि १८८६चा वसंत

थोडक्यात प्रसंग

१८८६च्या वसंतात पॅरिसमध्ये जोव्हान्नी बोल्दिनी या इटालियन चित्रकाराने संगीतकार जुझेप्पे व्हेर्दींचं तैलचित्र केलं. बसलेले व्हेर्दी, गंभीर चेहरा, भारदस्त मांडणी. बघणाऱ्याला त्यात खोट काढता येऊ नये असं चित्र. बोल्दिनीचं मात्र समाधान झालं नाही. त्याने व्हेर्दींना पुन्हा एकदा बसायची गळ घातली आणि ९ एप्रिलला, एकाच बैठकीत, रंगखडूंनी दुसरं चित्र केलं: डोक्यावर उंच काळी हॅट, गळ्याशी पांढरा रेशमी रुमाल, अंगात काळा कोट. आज व्हेर्दी म्हटलं की संगीतप्रेमींच्या डोळ्यांपुढे येतात ते या दुसऱ्या चित्रातले.

पहिलं चित्र पसंत पडण्यासारखं असताना दुसऱ्याचा घाट का घातला, त्यासाठी साधन का बदललं आणि पहिल्याला हात का लावला नाही, या तीन प्रश्नांसाठी हे प्रकरण निवडलं आहे. त्यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

पार्श्वभूमी

बोल्दिनीचा जन्म ३१ डिसेंबर १८४२चा, उत्तर इटलीतल्या फेर्रारा शहरातला. वडील अंतोनिओ हे चित्रकार; जुन्या चित्रांची डागडुजीही करायचे. म्हणजे रेखाटनाचं बाळकडू घरातच मिळालं. विशीत तो फ्लॉरेन्सला गेला आणि तिथल्या अकादमीत दाखल झाला. पण त्याचा जास्त वेळ जायचा तो माक्कियाइओली या बंडखोर तरुण चित्रकारांच्या कोंडाळ्यात. उन्हा-सावलीचे सपाट ठिपके शेजारीशेजारी ठेवून निसर्ग रंगवायचा, ही त्यांची तऱ्हा. बोल्दिनीला मात्र शेतं, बैल, समुद्रकिनारे यांचं फारसं वेड नव्हतं. त्याला माणसं हवी होती.

फ्लॉरेन्समधल्या त्याच्या सुरुवातीच्या व्यक्तिचित्रांत एक नवी गोष्ट दिसते. तोवर व्यक्तिचित्रामागे एक सपाट, तपकिरी पडदा टाकून द्यायचा प्रघात होता. बोल्दिनीने माणूस त्याच्या खोलीतच ठेवला; मागे भिंतीवरच्या चौकटी, कागद, अर्धवट उघडी दारं. तेलेमाको सिन्योरिनी या त्याच्याच गोटातल्या चित्रकाराने १८६७ मध्ये ही गोष्ट नेमकी हेरून तिच्याबद्दल लिहिलं होतं. याच काळात फ्लॉरेन्समधल्या श्रीमंत इंग्रज कुटुंबांशी त्याची ओळख झाली. पिस्तोयाजवळच्या फाल्कनर कुटुंबाच्या बंगल्यात त्याने भिंतीच्या भिंती रंगवल्या, तिथून लंडनची दारं उघडली आणि १८७१च्या अखेरीस तो पॅरिसला येऊन थडकला. मग आयुष्यभर तिथलाच झाला.

पॅरिसमध्ये पोट भरलं ते गुपील या बड्या चित्रव्यापाऱ्यामुळे. बाजाराला हवी होती ती हातभर लांबीची, झगमगीत, अठराव्या शतकातल्या पोशाखांतली दृश्यं: बागेत बसलेल्या बाया, पावडर लावलेले टोप, रेशमी पायमोजे. बोल्दिनीने ती ढीगभर केली आणि बक्कळ कमावलं. ही चित्रं आज पाहिली तर हाताची सफाई थक्क करते आणि पाच मिनिटांत कंटाळाही येतो. पण त्या कामाने हात कमालीचा तयार झाला. पुढे हॉलंडमध्ये फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराची चित्रं पाहिल्यावर या तयार हाताला वेगाची चटक लागली.

ऐंशीच्या दशकात तो व्यक्तिचित्रांकडे पुरता वळला. फ्रेंच चित्रकार देगाशी दोस्ती होती. जुझेप्पे दे नित्तिस हा पॅरिसमधला दुसरा इटालियन चित्रकार रंगखडूंनी मोठाली चित्रं करत असे. तो १८८४ मध्ये ऐन अडतिशीत गेला. रंगखडू हे कच्च्या रेखाटनाचं नव्हे, पूर्ण चित्राचं साधन आहे ही जाण त्या वेळच्या पॅरिसमध्ये चांगलीच मुरली होती. बोल्दिनीनेही ते साधन हातात घेतलं. आपल्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे.

दुसरी बाजू व्हेर्दींची. १८८६ मध्ये ते ७२ वर्षांचे होते. ‘आयदा’ हा ऑपेरा येऊन पंधरा वर्षं झालेली, लोकांनी त्यांना निवृत्त धरलेलं. प्रत्यक्षात ते शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वर ऑपेरा लिहीत होते. कुणाला सुगावा लागू नये म्हणून जवळची मंडळी आपसात त्याला ‘चॉकलेट’ म्हणायची! या ऑपेरातल्या इयागोच्या, म्हणजे खलनायकाच्या, भूमिकेसाठी व्हिक्तोर मोरेल हा फ्रेंच गायक डोळ्यांपुढे होता. त्याचा आवाज आता कसा लागतो हे स्वतः ऐकावं म्हणून व्हेर्दी त्या वसंतात पॅरिसला आले होते. सोबत पत्नी जुझेप्पिना स्त्रेप्पोनी. त्यांचा जुना शिष्य एमानुएले मुत्सिओ पॅरिसमध्येच गाण्याच्या शिकवण्या करत असे; चित्रकार आणि संगीतकार यांची गाठ त्याने घालून दिली.

थोडक्यात, व्हेर्दी चित्र काढून घ्यायला पॅरिसला आलेले नव्हते. डोक्यात वाद्यवृंदाची जुळणी, मुक्काम मोजका, आणि मिरवण्याचा मूळचाच कंटाळा. हा माणूस आपल्या शेतावर, सांत'अगाताला, बैलांच्या आणि कालव्यांच्या हिशोबात रमणारा. असा माणूस चित्रकारापुढे तासन्‌तास बसणं हीच मुळात मेहेरबानी होती.

अडचण

पहिलं चित्र तैलरंगातलं. व्हेर्दी बसलेले, प्रतिष्ठित पाहुण्याचं चित्र जसं करायचं तसं केलेलं. बैठकीच्या वेळी सोबतीला जुझेप्पिना आणि मुत्सिओ असत, गप्पा चालत, असं सांगतात. ज्याने कुणी समोर माणूस बसवून चित्र काढलं आहे त्याला यातली गोम कळेल. समोरचा माणूस बोलत असला तर चेहरा हलतो, हे फार मोठं संकट नव्हे. तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असतो, हे संकट. मधूनच पुन्हा चित्रकाराकडे वळून चेहरा ‘चित्रासाठी’ लावतो, आणि नेमका तो लावलेला चेहराच कॅनव्हासवर उतरतो.

पहिल्या चित्रात मला हेच दिसतं. थोर माणूस आहे, वय आहे, शांतपणा आहे. पण चित्र काढलं जात असल्याची जाणीवही चेहऱ्यावर आहे. बोल्दिनीला नेमकं काय खुपलं हे त्याच्या मनात शिरून सांगता येणार नाही. मात्र दुसऱ्या चित्रात त्याने काय काय बदललं यावरून अंदाज बांधता येतो. बसलेली मांडणी गेली, अंगावरचे घरातले कपडे गेले, तैलरंग गेला.

अडचणीला एक व्यवहाराचं अंगही होतं. हे चित्र फसलं म्हणावं असं नव्हतंच. फसलेलं चित्र टाकून देणं सोपं असतं. जमलेलं, लोक ज्याची वाहवा करतील असं चित्र हातात असताना ‘पुन्हा बसा’ म्हणायला वेगळीच छाती लागते, त्यातून समोर इटलीतला त्या काळचा सर्वांत थोर मानला जाणारा संगीतकार असताना.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: सही करायची, चित्र द्यायचं, नावलौकिक घ्यायचा. व्हेर्दींचं चित्र केलं एवढ्या बळावर पॅरिसमध्ये पुढची दहा कामं मिळाली असती.

दुसरा पर्याय, त्याच कॅनव्हासवर सुधारणा. बहुतेक चित्रकार हेच करतात. डोळ्यांत थोडी चमक वाढव, खांदा थोडा वळव, पार्श्वभूमी गडद कर. तैलरंगाची खोड अशी की तो याला मोकळीक देतो. खरवडता येतं, वर थर चढवता येतो. पण ओल्या रंगावर घाईने काम केलं की रंग मळतो आणि सुकू द्यायचं तर दिवस जातात. व्हेर्दींकडे तेवढे दिवस नव्हते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे अडचण तपशिलाची नव्हतीच. आखणीच वेगळी हवी होती, आणि आखणी दुरुस्तीने बदलत नाही.

तिसरा पर्याय, व्हेर्दी गेल्यावर छायाचित्रांवरून आणि आठवणीने सावकाश नवं चित्र करणं. व्हेर्दींची छायाचित्रं उपलब्ध होती आणि बोल्दिनीची नजर तल्लख होती. तरी ज्या जिवंतपणासाठी एवढी धडपड, तोच यात हरवण्याची शक्यता जास्त.

चौथा पर्याय, पुन्हा एक बैठक मागून कोऱ्या पृष्ठावर सुरुवात. यात धोका सरळच होता. व्हेर्दी नाही म्हणू शकत होते, किंवा आपलं पहिलं चित्र बिघडलं असावं असा समज करून घेऊन नाराज होऊ शकत होते. आणि बसले असते तरी एका बैठकीत चित्र साधेलच याची हमी नव्हती.

व्यक्तिचित्राने पॅरिसमध्ये काय होऊ शकतं याचा दाखला ताजा होता. दोनच वर्षांपूर्वी, १८८४च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक चित्रप्रदर्शनात, जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकी चित्रकाराने मादाम गोत्रो यांचं चित्र मांडलं होतं. खांद्यावरून घसरलेल्या गाऊनच्या एका पट्टीवरून गहजब झाला आणि अखेर सार्जंटने लंडनची वाट धरली. बोल्दिनी त्याला चांगला ओळखत होता. सार्जंटचा पॅरिसमधला स्टुडिओ पुढे बोल्दिनीनेच घेतला. तेव्हा मान्य चौकटीबाहेर पाऊल टाकण्याची किंमत बोल्दिनीला ठाऊक नव्हती असं म्हणता येणार नाही.

काय केलं

बोल्दिनीने चौथा रस्ता धरला. व्हेर्दी पुन्हा आले. ९ एप्रिल १८८६.

साधन म्हणून त्याने पुठ्ठा आणि रंगखडू घेतले. इथे थोडं थांबायला हवं, कारण हा निर्णय केवळ आवडीचा नव्हता. रंगखडू म्हणजे रंगद्रव्याची पूड नावापुरत्या डिंकात बांधून केलेली कांडी. तेल नाही, म्हणून सुकायची वाट पाहायची नाही. पॅलेटवर रंग कालवत बसायचं नाही. शेजारच्या खोक्यातून हवी ती छटा उचलायची आणि थेट टेकवायची. रेघ आणि रंग एकाच हालचालीत उमटतात. नजर माणसावरून हटवायचे क्षण कमी होतात. एका बैठकीपुरताच माणूस मिळणार असेल तर याच्याइतकं सोयीचं साधन नाही. उलट बाजू अशी की चुकलं तर लपवाछपवीला वाव कमी. खडूचे थर फार चढवले की पृष्ठ बुळबुळीत होतं आणि पुढचा खडू धरतच नाही.

आता चित्र जवळून पाहू. चेहऱ्यावर काम बारीक आहे. डोळ्यांखालच्या सुरकुत्या, गालावरून दाढीत उतरणारा उजेड, पांढऱ्या दाढीतले राखाडी केस, सगळं सावकाशीने केल्यासारखं. डोळे सतेज आहेत, थोडे सावधही. पण नजर गळ्याखाली उतरली की वेग एकदम बदलतो. रेशमी रुमालाची गाठ मोजक्याच फटकाऱ्यांत बांधलेली. लांबून पाहा, रेशीम आहे. जवळ जा, नुसते पांढरे-करडे ओरखडे. कोट तर काळ्याचे सपासप ओढलेले पट्टे. हॅटवर उजेडाच्या रेघा, बस्स. मागे फिकट मोकळी जागा.

म्हणजे वेळेची वाटणी त्याने आधीच ठरवली असावी. चेहऱ्याला सगळा वेळ, बाकीच्याला उरलेला. कपडे घाईत उरकले म्हणून चित्र उणं पडत नाही, उलट त्या घाईमुळे चेहरा अधिक थांबलेला वाटतो.

हॅट आणि रुमालाचं काय? घरात बसून काढलेल्या चित्रात माणूस बाहेरच्या पोशाखात आहे. त्यामुळे तो आत्ताच आला आहे आणि थोड्या वेळाने निघणार आहे असं वाटतं. व्हेर्दींची खरी परिस्थिती तीच होती. पियानो नाही, स्वरलिपीचे कागद नाहीत, हातात वाद्यवृंद चालवायची काठी नाही. संगीतकार असल्याची एकही खूण नाही. फ्लॉरेन्समध्ये माणसामागची खोली भरून टाकणाऱ्या चित्रकाराने इथे खोलीच काढून टाकली, हे मला विशेष वाटतं. वीस वर्षांपूर्वी त्याला माणूस समजावून सांगायला भोवतालच्या वस्तू लागत होत्या. आता लागत नव्हत्या.

आणि तिसरा निर्णय: पहिल्या तैलचित्राला त्याने हात लावला नाही. खरवडलं नाही, त्यावर दुसरं रंगवलं नाही. ते तसंच राहू दिलं.

निष्पत्ती

व्हेर्दी इटलीला परतले. नोव्हेंबरात ‘ऑथेल्लो’वरचा तो ऑपेरा, ‘ओतेल्लो’, पुरा झाला आणि ५ फेब्रुवारी १८८७ रोजी मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. इयागो अर्थातच मोरेल.

तैलचित्र आज मिलानमध्ये, व्हेर्दींनी म्हाताऱ्या, निराधार गायक-वादकांसाठी बांधलेल्या निवासात आहे. आपल्या हयातीत कुणी आभार मानायला येऊ नये म्हणून आपण गेल्यावरच ते उघडावं, असा त्यांचा आग्रह होता. त्याप्रमाणे ते १९०२ मध्ये सुरू झालं. व्हेर्दी आणि जुझेप्पिना यांची समाधीही तिथेच आहे. या चित्राला अभ्यासक सहसा ‘कमी जमलेलं’ म्हणून बाजूला सारतात. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या वास्तूत, आश्रयाला आलेल्या माणसांच्या भिंतीवर, बसलेला यजमानच शोभतो. हॅट घालून निघायच्या तयारीतला पाहुणा तिथे शोभला नसता.

रंगखडूचं चित्र बोल्दिनीने तीस वर्षांहून अधिक काळ स्वतःकडेच ठेवलं आणि १९१८ मध्ये रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनाला देऊन टाकलं. विकलं नाही. गुपीलच्या काळापासून प्रत्येक चित्राची किंमत पुरेपूर वसूल करणाऱ्या या माणसाचं हे वागणं बोलकं आहे.

त्याची कारकीर्द यानंतर भरभराटीला आली. १८८९च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात इटालियन विभागाची जबाबदारी त्याच्याकडे होती; त्याच वर्षी देगासोबत स्पेन आणि मोरोक्कोची सफर झाली. १८९७ मध्ये काउंट मोंतेस्क्यू आणि चित्रकार व्हिस्लर यांची चित्रं, १९०६ मध्ये मुलासह कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, १९०८ मध्ये मार्केसा कासाती. श्रीमंत बायका त्याच्याकडे रांगा लावू लागल्या. १९२९ मध्ये, ८६व्या वर्षी, त्याने एमिलिया कार्दोना या पत्रकार तरुणीशी लग्न केलं आणि १९३१ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा शेवट झाला.

व्हिस्लरच्या चित्राच्या वेळी १८८६ची युक्ती पुन्हा दिसते. व्हिस्लर स्वतः चित्रकार, म्हणजे समोर बसायला महाकठीण गिऱ्हाईक. मोठं तैलचित्र चालू असतानाच्या काळात बोल्दिनीने पेंगणाऱ्या व्हिस्लरची प्रतिमा धातूच्या पत्र्यावर सुईने कोरली. पुन्हा तेच: मुख्य चित्राला हात न लावता दुसऱ्या साधनात, बेसावध माणूस पकडायचा.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकांना इतरांना बाहेर बसवणं ही सर्वांत सोपी सुधारणा. पण मुत्सिओनेच गाठ घालून दिलेली आणि दुसरी त्यांची पत्नी. ‘जरा बाहेर थांबा’ म्हणणं शिष्टाचाराला धरून झालं नसतं. शिवाय ओळखीची माणसं नसती तर व्हेर्दी तेवढा वेळ बसले असते का, हीही शंकाच.

क्रम उलटा करता आला असता: आधी खडूने झटपट चित्र, मग त्यावरून निवांत तैलचित्र. कागदावर हा क्रम जास्त शहाणपणाचा दिसतो आणि शाळांमधून तोच शिकवतात. तरी इथे तो घात करणारा ठरला असता असं माझं मत आहे. आधी केलेलं खडूचं चित्र हे ‘पूर्वतयारी’ म्हणून गणलं गेलं असतं, आणि खुद्द चित्रकारानेही तेवढाच जीव त्यात ओतला असता. पहिल्या बैठकांत चेहऱ्याची हाडं हाताला पाठ झाल्यामुळेच ९ एप्रिलला हात इतका मोकळा चालला.

साधनाच्या नाजूकपणाचा प्रश्न उरतो. पुठ्ठ्यावरचा खडू धक्क्याने झडतो, काचेखालीच ठेवावा लागतो, फार प्रवास सोसत नाही. दीर्घायुष्य हाच निकष असता तर तैलरंगच योग्य होता.

खरा आक्षेप पुढच्या काळावर आहे. व्हेर्दींच्या चित्रातला वेग कपड्यांपुरता होता. पुढे विसाव्या शतकात शिरताना तो वेग सगळीकडे पसरला. गाऊन, हात, माना, सगळं चाबकासारखं फटकारलेलं. बायका फूटभर लांब मानेच्या नि निमुळत्या बोटांच्या. कित्येक चित्रांत चेहरा हा त्या वादळातला आणखी एक फटकारा होऊन राहतो. टीकाकारांनी त्याला दिखाऊ म्हटलं ते सगळं मत्सरापोटी नव्हतं.

आणि पहिल्याला हात न लावण्याचा निर्णय त्याला पुढे प्रत्येक वेळी घेता आला नाही. १९०१ मध्ये पालेर्मोच्या धनाढ्य फ्लोरिओ घराण्यातल्या दोन्ना फ्रांका यांचं चित्र त्याने सुरू केलं. ते फार उघडंवाघडं झालं म्हणून नवऱ्याला रुचलं नाही, असं सांगतात. चित्र बदललं, पुन्हा बदललं. आज दिसतं ते रूप कित्येक वर्षांनंतरचं आहे आणि मूळचं रंगाच्या थरांखाली गेलं आहे. व्हेर्दींची दोन्ही चित्रं शेजारी ठेवून तुलना करता येते, फ्रांकांची नाही. फरक चित्रकाराच्या कौशल्यात नव्हता. व्हेर्दींना त्याने स्वतःच्या हौसेने बसवलं होतं आणि चित्र कुठे थांबवायचं हे तोच ठरवणार होता. फ्लोरिओंचं काम मागणीवरचं होतं. तिथे थांबायचं कुठे हे पैसे मोजणाराही ठरवत होता.